डायकर हाइट्सची नाताळची रोषणाई: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे डिसेंबरात भारतातून आई-वडील आले की, मॅनहॅटनमधले रॉकफेलर सेंटरचे झाड दाखवून झाल्यावर ‘आता कुठे न्यायचे’ हा प्रश्न हमखास उभा राहतो. माझे उत्तर गेली काही वर्षे ठरलेले आहे: ब्रुकलिनच्या नैर्ऋत्य भागातली डायकर हाइट्स ही वस्ती. पुण्यात गणपतीच्या दिवसांत आपण संध्याकाळी जेवून देखावे पाहायला निघतो, तसेच इथेही चालत फिरायचे असते. फरक एवढाच की, हे देखावे कोणत्याही मंडळाचे नसून घराघरांतल्या रहिवाशांचे असतात, त्यामुळे तिकीट नाही, प्रवेशद्वार नाही आणि चौकशीची खिडकीही नाही. ही सोय न समजल्यामुळे पहिल्या दोन वर्षांत आमची बरीच फजिती झाली. त्या अनुभवातून पुढील टिपणे केली आहेत.

१. जागा नेमकी कोणती, हे आधी समजून घ्या

डायकर हाइट्सची उभारणी १८९५ पासून वॉल्टर जॉन्सन या विकासकाने केली. सुटी, अंगण असलेली घरे हे या वस्तीचे वैशिष्ट्य तेव्हापासूनचे आहे, आणि रोषणाई इथेच का फुलली याचे एक कारणही तेच आहे, कारण देखावा मांडायला घरासमोर जागा लागते. विसाव्या शतकात इथे इटालियन वंशाच्या कुटुंबांची बहुसंख्या झाली. अलीकडच्या काळात चिनी कुटुंबेही मोठ्या संख्येने आली आहेत. मोठ्या प्रमाणावरच्या सजावटीची सुरुवात १९८० च्या दशकात ८४ व्या रस्त्यावर राहणाऱ्या एका बाईंनी केली. त्यांच्या आईला नाताळची फार हौस होती आणि तिच्या आठवणीसाठी त्यांनी घर सजवायला घेतले, असे सांगतात. गर्दी आणि उजेड यांमुळे काही शेजारी सुरुवातीला कुरकुरले, पण पुढे त्यांच्यातलेच अनेक जण दिव्यांच्या माळा घेऊन शिडीवर चढले.

पाहण्यासारखा मुख्य भाग म्हणजे ८३ ते ८६ क्रमांकाचे रस्ते आणि ११ ते १३ क्रमांकाचे ॲव्हेन्यू यांच्यामधला चौकोन. इथे ‘स्ट्रीट’चे क्रमांक दक्षिणेकडे वाढत जातात आणि ‘ॲव्हेन्यू’चे पूर्वेकडे. हे लक्षात ठेवले की नकाशाशिवायही दिशा कळते.

पहिला सापळा इथेच आहे. मॅनहॅटनमध्येही ८४ वा रस्ता आहे आणि ८६ वा रस्ताही आहे. फोनवर नुसते ‘८४ स्ट्रीट, न्यूयॉर्क’ असे टाकले तर नकाशा तुम्हाला सेंट्रल पार्कच्या शेजारी नेऊन सोडेल. पत्त्यात ‘ब्रुकलिन’ हा शब्द आणि ‘१२ वा ॲव्हेन्यू’ ही खूण घातल्याशिवाय शोध सुरू करू नका. टॅक्सीचालकाला पत्ता सांगतानाही हीच काळजी घ्या.

२. दिवस आणि वेळ ठरवा

नोव्हेंबरच्या अखेरच्या थँक्सगिव्हिंग या सणानंतर घरे एकेक करून सजू लागतात, पण पहिल्या आठवड्यात अर्ध्या घरांवर नुसत्या न पेटलेल्या माळा लोंबत असतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ३१ तारखेपर्यंतचा काळ सर्वांत चांगला; नवीन वर्ष लागले की बरीच घरे दिवे उतरवतात. वार निवडताना सोमवार ते गुरुवार यांपैकीच एक निवडावा, असा माझा आग्रह आहे. शुक्रवार, शनिवार आणि रविवारी फूटपाथवर माणसाला माणूस लागतो आणि लहान मुलांना खांद्यावर घेऊन चालावे लागते.

२४ डिसेंबरची रात्र अनेकांना मोह घालते, पण इटालियन घरांमध्ये ती नातेवाइकांच्या मोठ्या जेवणाची, माशांच्या अनेक पदार्थांची रात्र असते. घराघरांत पाहुणे आलेले असतात, त्यांच्या गाड्यांनी गल्ल्या भरलेल्या असतात, आणि आपण नेमके त्यांच्या दारासमोर उभे राहून फोटो काढत असतो. वातावरण सुंदर असते हे खरे. तरीही गाडी घेऊन त्या रात्री जाऊ नये.

डिसेंबरच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये सूर्य दुपारी साडेचारच्या सुमारास मावळतो. पाच वाजता पोहोचलात तर दिवे लागलेले असतात आणि गर्दी अजून जमलेली नसते. रात्री नऊच्या सुमारास काही घरे दिवे मालवू लागतात, म्हणून ‘जेवून सावकाश जाऊ’ हा पुण्याचा हिशेब इथे चालत नाही.

३. सबवेने जाणार असाल तर

मॅनहॅटनमधून येणाऱ्यांसाठी आणि न्यू जर्सीहून मॅनहॅटनमधल्या पेन स्टेशनपर्यंत ट्रेनने येणाऱ्यांसाठी सबवे, म्हणजे शहराची मेट्रो रेल्वे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पेन स्टेशनपासून थोडे पूर्वेला चालले की ३४ वा रस्ता–हेरल्ड स्क्वेअर हे स्थानक लागते आणि तिथून दोन पर्याय मिळतात.

पहिला पर्याय ‘डी’ गाडीचा. ती वेगवान असते. ब्रुकलिनमधल्या ७९ व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरून पश्चिमेकडे १३ व्या ॲव्हेन्यूपर्यंत आणि मग दक्षिणेकडे चालत गेले की वीस मिनिटांत रोषणाई सुरू होते. मात्र हे स्थानक उंच पुलावर आहे आणि तिथे लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन हा मार्ग धरू नये.

दुसरा पर्याय ‘आर’ गाडीचा. ती प्रत्येक स्थानकावर थांबत रमतगमत जाते, पण ८६ व्या रस्त्याच्या स्थानकावर लिफ्ट आहे, आणि वर आल्यावर ८६ व्या रस्त्यानेच पूर्वेकडे जाणारी बस मिळते. बस न घेता चाललात तर साधारण पंचवीस मिनिटे लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच अंतरात उजव्या हाताला डायकर बीच गोल्फ कोर्सचा काळाकुट्ट अंधार असतो. थंडीत वृद्धांना ती चाल घडवण्यात अर्थ नाही.

आता दुसरा सापळा, ज्यात आम्ही स्वतः पडलो. ब्रुकलिनमध्ये ‘८६ वा रस्ता’ या नावाची दोन स्थानके आहेत: एक ‘आर’ गाडीचे, बे रिज भागातले, आणि दुसरे ‘एन’ गाडीचे, पार ग्रेव्हसेंड भागातले. त्या वर्षी हेरल्ड स्क्वेअरला ‘एन’ आधी आली, स्थानकांच्या यादीत ‘८६ स्ट्रीट’ दिसले, आणि मी सगळ्यांना आत चढवले. उतरून वर आलो तर एकही दिवा नाही. बाबांनी रस्त्याची पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, “पाटी तर बरोबर आहे, मग दिवे कुठे आहेत?” रस्ता खरोखरच तोच होता, पण आम्ही त्याच्या दुसऱ्या टोकाला, तीन किलोमीटरहून अधिक दूर उभे होतो. थंडीत बसची वाट पाहण्यात त्या संध्याकाळचा चांगला पाऊण तास गेला. ‘एन’ गाडी वापरायचीच असेल तर ती ब्रुकलिनमधल्या ५९ व्या रस्त्याच्या स्थानकापर्यंतच वापरा आणि तिथे ‘आर’ पकडा. वेळ थोडा वाचतो.

भाड्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागत नाही. संपर्करहित बँक कार्ड किंवा फोन फाटकावर टेकवला की काम होते. २०२६ च्या जानेवारीपासून एका फेरीचे भाडे ३ डॉलर आहे, आणि सबवेतून उतरून दोन तासांच्या आत बस घेतल्यास तिचे भाडे पुन्हा पडत नाही. त्यासाठी सबवेला टेकवलेले तेच कार्ड बसमध्येही टेकवायला हवे, म्हणून प्रत्येक माणसाच्या हातात त्याचे स्वतंत्र कार्ड द्या आणि ते कोणते हे त्याला सांगून ठेवा. जुने पिवळे मेट्रोकार्ड २०२५ च्या अखेरीस विकणे बंद झाले आहे. नातेवाइकांनी जपून ठेवलेल्या कार्डाच्या भरवशावर निघू नका.

शनिवार-रविवारी रुळांच्या कामांमुळे गाड्यांचे मार्ग वारंवार बदलतात. निघण्यापूर्वी त्या दिवशीची स्थिती आणि लिफ्ट चालू आहे की नाही, हे पाहूनच घराबाहेर पडा.

४. गाडीने जाणार असाल तर

न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा त्या बाजूहून येणाऱ्यांना गोथल्स पूल, स्टेटन आयलंड आणि व्हेराझानो पूल असा सरळ मार्ग आहे. त्याचा मोठा फायदा म्हणजे मॅनहॅटनला शिवावे लागत नाही, त्यामुळे तिथल्या ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेकडच्या भागात शिरताना जानेवारी २०२५ पासून द्यावे लागणारे गर्दी-शुल्क वाचते. टोल मात्र दोन्ही पुलांवर आहे. गोथल्सवर तो न्यूयॉर्ककडे जाताना लागतो, येताना नाही. व्हेराझानोवर डिसेंबर २०२० पासून जाताना आणि येताना असा दोन्ही वेळा लागतो. रोख रक्कम कुठेच घेत नाहीत, आणि गाडीत ई-झेडपास (टोल आपोआप कापणारे उपकरण) नसेल तर जास्त दराचे बिल घरी येते.

न्यू जर्सीच्या चालकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. आपल्याकडे लाल दिव्यावर थांबून उजवीकडे वळता येते. न्यूयॉर्क शहरात, तसा फलक लावलेला नसेल तर, ते बेकायदा आहे. मागचा चालक हॉर्न वाजवत राहिला तरी वळू नका.

गाडीत बसूनच रोषणाई पाहू, हा विचार मनातून काढून टाका. पहिल्या वर्षी आम्ही नाताळच्या आधीच्या शनिवारी तसेच केले. ८४ व्या रस्त्यावर शिरायला लागला सव्वा तास, आणि शिरल्यावर दिसले ते पुढच्या गाडीचे लाल दिवे आणि काचेवर धरलेली वाफ. मागच्या सीटवर मुलगी केव्हाच झोपली होती. त्याऐवजी पाच-सहा गल्ल्या उत्तरेला, ७० च्या घरातल्या क्रमांकांच्या रस्त्यांवर, गाडी लावून चालत यावे. गाडी लावताना आगीच्या नळापासून १५ फूट अंतर सोडणे बंधनकारक आहे आणि ते अंतर रस्त्यावर रंगवलेले नसते, स्वतः मोजायचे असते. कोणाच्याही ड्राइव्हवेचा एक हातभर भागही अडवू नका. इथले रहिवासी महिनाभर हाच त्रास सोसत असतात आणि गाडी उचलून नेणाऱ्यांना बोलावताना मागेपुढे पाहत नाहीत. खांबावरचे फलक वरपासून खालपर्यंत वाचा, कारण एकाच खांबावर तीन वेगवेगळे नियम असू शकतात.

आई-वडिलांना चालवत नसेल तर त्यांना १३ वा ॲव्हेन्यू आणि ८६ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर सोबत्यासह उतरवा, आणि चालकाने एकट्याने गाडी लांब लावून यावे.

मॅनहॅटनहून सहलीच्या बसही निघतात. तीन-चार वृद्ध माणसे सोबत असतील तर त्या सोयीच्या आहेत. एरवी ठरावीक वेळेत परत बसमध्ये बसावे लागते, आणि इथली खरी मजा रेंगाळण्यातच आहे.

५. सोबत काय घ्यावे

– प्रत्येकाचे स्वतंत्र कार्ड, आणि थोड्या सुट्या नोटा (काही घरांसमोर धर्मादाय कामासाठी दानपेट्या असतात).
– भारतातून आलेल्यांसाठी पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, तसेच प्रवासविम्याचे कार्ड. मूळ पासपोर्ट हॉटेलात किंवा घरी असेल तर त्याचा फोटो फोनमध्ये हवा.
– आतून थर्मल, वर लोकर, त्यावर वारा अडवणारा जाड कोट, कानटोपी, दोन जोड मोजे, रबरी तळाचे बूट.
– फोनचा पडदा ओळखणारे हातमोजे आणि पॉवर बँक. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते; ३० टक्क्यांवर असलेला माझा फोन फोटो काढता काढता बंद पडला आहे.
– रात्रीची औषधे. परतायला उशीर होतो.

डिसेंबरच्या संध्याकाळी तापमान शून्य ते पाच-सहा अंशांच्या आसपास असते, पण समुद्र जवळ असल्याने वारा बोचतो. भारतातून आलेला स्वेटर आणि शाल एवढ्यावर निभावत नाही. साडी नेसणाऱ्या आईला किंवा सासूबाईंना आतून थर्मल पायजमा घालायला आधीच राजी करा. स्थानकाबाहेर आल्यावर ही चर्चा करून उपयोग नसतो.

६. फिरण्याचा क्रम

बसने किंवा टॅक्सीने ८६ व्या रस्त्यावर १३ व्या ॲव्हेन्यूजवळ उतरा आणि दोन गल्ल्या उत्तरेला चालून ८४ व्या रस्त्यावर या. सर्वांत आधी हाच रस्ता पूर्ण पाहावा, कारण पाय आणि उत्साह दोन्ही ताजे असतात. १३ व्या ॲव्हेन्यूपासून ११ व्या ॲव्हेन्यूपर्यंत एका फूटपाथने जा आणि समोरच्या फूटपाथने परत या. हे अंतर जेमतेम एक किलोमीटर होते. ज्यांना चालवत नाही त्यांनी एवढेच पाहिले तरी यायचे सार्थक झाले असे समजावे. इतरांनी मग ८३ वा, ८५ वा असे नागमोडी फिरावे. थांबत थांबत एकूण दीड ते दोन तास लागतात.

काय पाहाल, ते थोडे सांगतो. छपराच्या कडेपासून झाडाच्या शेवटच्या फांदीपर्यंत माळा गुंडाळलेल्या असतात. माणसाहून उंच लाकडी शिपाई दाराशी पहारा देत असतात. हवेने फुगवलेले नाताळबाबा आणि हिममानव वाऱ्यावर डोलत असतात. एका घरासमोर शुभ्र देवदूतांच्या मूर्ती ओळीने उभ्या असलेल्या पाहून आई बराच वेळ थांबली. तिला आमच्या वसईच्या शेजाऱ्यांचा नाताळचा गोठा आठवला: भुशाची जमीन, मातीची मेंढरे आणि मध्ये गव्हाणीतले बाळ. इथल्या अनेक अंगणांतही तो गोठा असतोच, फक्त आजूबाजूच्या झगमगाटात तो शोधावा लागतो. मुलांना सांगून ठेवा आणि कोण आधी शोधतो अशी पैज लावा. त्यांना थंडी विसरायला लावण्याचा हा खात्रीचा उपाय आहे.

बरीच घरे आता सजावटीचे काम व्यावसायिक मंडळींना देतात आणि त्यासाठी हजारो डॉलर मोजतात. अशा घरांची रोषणाई रेखीव असते, पण एकसारखी वाटते. मला स्वतःला आवडतात ती घरातल्या माणसांनी हाताने सजवलेली घरे, जिथे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, आतून बल्ब लावलेल्या रंग उडालेल्या प्लॅस्टिकच्या मूर्ती अजून जपून मांडतात.

७. दारातली शिस्त

फूटपाथ सोडून आत पाऊल टाकायचे नाही. पायरीवर बसून फोटो, कुंपणावर हात, माळेला स्पर्श, हे सगळे वर्ज्य. जमिनीवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात, त्यामुळे लहान मुलाचा हात सोडू नका. खिडकीतून घरातली माणसे जेवताना दिसली तर फोन खाली घ्या. ड्रोन उडवायचा विचार असेल तर तो घरीच ठेवा. शहरात परवानगीशिवाय ड्रोन उडवणे किंवा उतरवणे बेकायदा आहे. चहाचा कप टाकायला कचरापेटी सापडेपर्यंत तो हातातच बाळगा, कोणाच्या अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी ठेवू नका.

रहिवासी बाहेर उभे दिसले तर ‘मेरी ख्रिसमस’ म्हणा आणि देखावा आवडला असे सांगा. एका आजोबांनी त्यावर बाबांना पंधरा मिनिटे थांबवून कोणती माळ कोणत्या वर्षी घेतली याचा इतिहास ऐकवला. बाबांना त्यातले निम्मे समजले, पण दोघेही खूश होते.

८. स्वच्छतागृह आणि खाणे

ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. रोषणाईच्या गल्ल्यांमध्ये सार्वजनिक स्वच्छतागृह नाही, दुकानही नाही. ही निव्वळ राहती वस्ती आहे. थंडीत लघवीला वारंवार होते आणि मधुमेह असलेल्यांची तर फारच पंचाईत होते. म्हणून बसमध्ये चढण्यापूर्वी, बे रिजमधल्या ८६ व्या रस्त्यावरच्या एखाद्या कॉफीच्या दुकानात सगळ्यांनी जाऊन यावे. काहीतरी विकत घेतले की कोणी हरकत घेत नाही. चालत असताना गरज पडलीच तर १३ व्या ॲव्हेन्यूवर उपाहारगृहे आहेत, पण तिथेही आधी काहीतरी मागवावे लागते.

खाण्यासाठी या भागातल्या इटालियन बेकऱ्या उत्तम आहेत. शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: कनोली या इटालियन मिठाईच्या कुरकुरीत नळीत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात, आणि हॉट चॉकलेटवर तरंगणाऱ्या मार्शमेलोत प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असते. साधा चीज पिझ्झा हा बहुतेकांसाठी बिनधोक पर्याय आहे.

९. परतताना

साडेआठच्या सुमारास पाय मागे वळवा. न्यू जर्सीच्या गाड्यांमधले अंतर रात्री वाढत जाते, म्हणून पेन स्टेशनहून सुटणाऱ्या सोयीच्या दोन गाड्यांच्या वेळा आधीच लिहून ठेवा. टॅक्सी बोलवायची असेल तर ८४ व्या रस्त्यावर बोलावू नका, चालक पोहोचू शकत नाही. ८६ व्या रस्त्यावर येऊन बोलवा.

‘आर’ने जाताना ८६ व्या रस्त्याच्या स्थानकात मॅनहॅटनच्या दिशेचा फलाट पाहून घ्या, कारण उलट दिशेची गाडी एका स्थानकावर, ९५ व्या रस्त्याला, संपते. मॅनहॅटनकडे जाणारी गाडी तिथूनच सुटून पहिल्याच थांब्यावर आपल्याकडे येते, त्यामुळे बसायला जागा बहुधा मिळते. ५९ व्या रस्त्याला उतरून ‘एन’ पकडली तर दहा-एक मिनिटे वाचतील, पण आई-बाबा थकून बसले असतील तर त्यांना उठवू नका.